नागपूरच्या धरमपेठेतलं व्हिसा मार्गदर्शन: आदेशाचा कागदच समोर ठेवणारं ऑफिस

मुलगा जानेवारीच्या सत्राला एमएससाठी अमेरिकेत निघालाय. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रं आणि मुलाखतीची तयारी यासाठी लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या या ऑफिसात आमच्या पाच चकरा झाल्या. मुलाखत पुढच्या आठवड्यात मुंबईला, बीकेसीत आहे. निकाल लागायच्या आधीच लिहितेय, कारण व्हिसा मिळणं न मिळणं यांच्या हातात नाही. जे हातात होतं ते यांनी कसं केलं, तेवढं सांगते.

यांच्याआधी आम्ही एका दुसऱ्या एजंटकडे जाऊन आलो होतो. ३५,००० रुपये सांगितले, "एच-१बी, म्हणजे पुढचा नोकरीचा व्हिसा, तर झालाच समजा" म्हणाला आणि मुलाला इन्स्टाग्राम डिलीट करायला लावत होता. घरी आलो तर नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगळंच: आता भारतीयांना दारं बंद, एका व्हिसाला ८८ लाख. आमचे हे दोन रात्री झोपले नाहीत. शिक्षणाचं कर्ज काढायचं की नाही, यावर घरात बोलणंच थांबलं होतं.

इथे पहिल्या दिवशी ऑफिस चालवणाऱ्या गृहस्थांनी फीचा विषयच काढला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांचे २०२५ मधले तीन आदेश छापून ठेवलेले होते, ते टेबलावर मांडले. "काकू, ग्रुपवरचं राहू द्या. हे वाचू." मी एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवला. मूळ कागद समोर ठेवून बोलणारा माणूस भेटला की माझा अर्धा विश्वास तिथेच बसतो.

२० जानेवारीच्या आदेशात, बाहेरून येणाऱ्यांच्या मनात अमेरिकेच्या संस्कृतीबद्दल आणि संस्थांबद्दल वैर नसावं, कायदेशीर आलेल्यांनी तिथल्या समाजात नीट मिसळावं आणि एकसंध अमेरिकन ओळख बळकट व्हावी, असं म्हटलंय. १ मार्चच्या आदेशाने इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरवली. एकजीव समाजाच्या गाभ्याशी एक ठरलेली भाषा असते, असं त्यात लिहिलंय. १९ सप्टेंबरचा आदेश तो ८८ लाखांवाला: एच-१बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर, कारण स्वस्त परदेशी मनुष्यबळ आणून अमेरिकन कामगारांना बाजूला सारलं जातं, हे अध्यक्षांचं म्हणणं. यांनी पेन्सिलीने खुणा करून दाखवलं की ही रक्कम विद्यार्थी व्हिसाला लागू नाही. ऑक्टोबरमधल्या सरकारी खुलाशाप्रमाणे, तिथे शिकत असलेल्याने देशाबाहेर न जाता एच-१बीवर बदल करून घेतला तर त्यालाही नाही. मग स्वतःच म्हणाले, "पण हे आजचं झालं. दोन वर्षांनी काय असेल ते मी सांगू शकत नाही. परत येऊन इथल्या पगारात फेडता येईल एवढंच कर्ज काढा." असं सांगणारा माणूस धंद्यात असतो, यावर माझा विश्वास नव्हता. आम्ही कर्जाचा आकडा त्याच रात्री कमी केला.

एकसंध ओळखीबद्दलचं अध्यक्षांचं म्हणणं मला नवीन वाटलं नाही. १९१५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेच बोलले होते, की जोडरेघेच्या अमेरिकनांना, म्हणजे आयरिश-अमेरिकन, जर्मन-अमेरिकन अशी दुहेरी ओळख सांगणाऱ्यांना, इथे जागा नाही. आणि १९ जानेवारी १९८९ ला, कारकीर्द संपायच्या आदल्या दिवशी, अध्यक्ष रेगन बरोबर उलटं बोलले: जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस इथे येऊन अमेरिकन होऊ शकतो. तेही आजच्या अध्यक्षांच्याच पक्षाचे. कोणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मला मान्य आहे. भाषा एक असली तरच एकी टिकते, हे मात्र नागपूरच्या माणसाला पटणं कठीण. मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होतं तेव्हापासून हे शहर मराठी आणि हिंदी दोन्हींत जगत आलंय. हे गृहस्थ जरीपटक्याचे सिंधी. फाळणीनंतर त्यांचे आजोबा सिंधमधून इथे आले. घरी सिंधी बोलतात, माझ्याशी अस्सल नागपुरी मराठीत बोलत होते, फोनवर हिंदी. त्यांच्या आजोबांना सिंधी सोड, मग नागपूरकर हो, असं कोणी म्हटलं नव्हतं.

मुलाखतीचा सराव हा इथला सगळ्यात चांगला भाग. हेच विद्यापीठ का, असं विचारल्यावर मुलाने पाठ केलेलं उत्तर एका दमात म्हणून टाकलं. यांनी पेन खाली ठेवलं. "आता आईला मराठीत सांग, तिथे काय शिकणार." मुलगा थोडा थांबला आणि काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेबद्दल बोलू लागला. मातीत ओल किती हे सेन्सरवरून कळलं तर कोणत्या झाडाला किती पाणी द्यायचं ते ठरवता येतं, मागच्या उन्हाळ्यात मामाची चाळीस झाडं वाळली, म्हणून हा विषय घेतला. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. "हेच सांगायचं. इंग्रजीत, एवढ्याच सावकाश." परत येणार ना, या प्रश्नाचंही उत्तर त्यातच होतं.

सोशल मीडियाबद्दलही सरळ बोलले. काही डिलीट करायचं नाही, जून २०२५पासूनच्या नियमाप्रमाणे खाती सार्वजनिक ठेवायची, डीएस-१६०मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, पाच वर्षांत वापरलेल्या सगळ्या खात्यांची नावं खरी द्यायची. मुलाने तिथेच बसून सेटिंग बदललं.

तक्रार एकच, पण छोटी नाही. डीएस-१६०च्या मसुद्यात तिथल्या मुलीने माझं लग्नाआधीचं आडनाव टाकलं होतं. मी वाचलं म्हणून सापडलं. त्यांनी लगेच दुरुस्त केलं, माफीही मागितली, तरी अर्ज पाठवायच्या आधी आपण ओळ न् ओळ वाचायचीच. शनिवारी गर्दी फार असते, आम्ही पाऊण तास उभे होतो आणि खुर्च्या चारच आहेत.

फी ६,००० रुपये, पावती मिळते. व्हिसाचे १८५ डॉलर आणि सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर आपणच आपल्या कार्डाने भरायचे, हे कार्डाला हात लावत नाहीत. चार तारे देते, पाचवा त्या आडनावाचा कापला. जाताना आय-२० (विद्यापीठाकडून येणारा प्रवेशाचा कागद) आणि बँकेच्या कागदांचे दोन-दोन संच न्या, जवळचं झेरॉक्स दुपारी बंद असतं. गाडी गल्लीत लावायला जागा नाही, ऑटोने गेलेलं बरं.