वर्डमधले स्मार्ट कोट्स: चिन्हं छान वळवतो, अ‍ॅपॉस्ट्रॉफीला अडकतो

मी मराठी-इंग्रजी भाषांतराची आणि प्रूफं बघायची कामं करते, त्यामुळे मायक्रोसॉफ्ट वर्ड दिवसभर उघडाच असतो, आणि त्यातल्या ज्या सोयीकडे कोणी बघत पण नाही तिच्याबद्दल लिहायचंय, ती म्हणजे स्मार्ट कोट्स, सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळलेली करून देणारी सोय.

कीबोर्डवर दुहेरी अवतरणचिन्हाची कळ एकच आणि ती सरळ उभं चिन्ह देते. टाइपरायटरवर कळा कमी ठेवायच्या म्हणून उघडायला आणि मिटायला एकच चिन्ह ठेवलं, तेच पुढे कॉम्प्युटरवर आलं. छापील इंग्रजीत मात्र “ आणि ” अशी दोन वेगळी लागतात आणि वर्ड ती टाइप करता करताच वळवून देतो. संवादांनी भरलेली कथा असली तरी बहुतेक चिन्हं जागच्या जागी बसतात, अवतरणाच्या आत अवतरण आलं तरी एकेरी चिन्हं पण नीट येतात. यासाठी पूर्ण मार्क.

गडबड होते ती, अक्षरं किंवा आकडे गाळल्याची खूण म्हणून शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीला. आधी स्पेस दिसली की वर्ड उघडणारं चिन्ह टाकतो, त्याला अर्थ कळत नाही. म्हणजे नव्वदच्या दशकासाठी ’९० हवं असतं तिथे ‘९० येतं. अ‍ॅपॉस्ट्रॉफी शब्दात कुठेही असो, तो मिटणाऱ्या एकेरी चिन्हासारखाच असतो, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा. जाहिरातीत, पोस्टरवर हे उलटं दिसलं की मला फार खटकतं कारण उपाय इतका सोपा आहे: कंट्रोल धरून अ‍ॅपॉस्ट्रॉफीची कळ दाबा, सोडा, मग तीच कळ परत एकदा. किंवा लागोपाठ दोन टाइप करा आणि पहिलं खोडा, दुसरं बरोबर वळलेलं असतं.

दुसरी गोष्ट, बाहेरून पेस्ट केलेल्या मजकुरातली सरळ चिन्हं वर्ड आपणहून बदलत नाही, मग एकाच पानावर दोन्ही जातींची चिन्हं दिसतात आणि ते फार गबाळं वाटतं. फाइंड अँड रिप्लेसमधे दोन्ही खान्यांत तेच चिन्ह टाकून रिप्लेस ऑल केलं की सगळी वळतात. एकेरी चिन्हांना असं केलं तर मात्र वरचा अ‍ॅपॉस्ट्रॉफीवाला घोळ परत होतो, तेवढं नजरेखालून घालाच.

आता खरा कठीण भाग, म्हणजे पूर्णविराम आत की बाहेर. यात स्मार्ट कोट्सची काही मदत नाही. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम कायम आत, मग अवतरण एका शब्दाचं का असेना: ही कॉल्ड इट “आर्ट.” ब्रिटिश पद्धतीत ते चिन्ह मूळ बोलण्यातलं असेल तरच आत, नाहीतर बाहेर: ही कॉल्ड इट ‘आर्ट’. ब्रिटिश पुस्तकांत आधी एकेरी आणि आतल्या अवतरणाला दुहेरी, अमेरिकेत बरोबर उलट. कोलन आणि सेमीकोलन दोन्हीकडे बाहेर, प्रश्नचिन्ह अर्थ बघून. आपल्याकडे स्पेलिंग ब्रिटिश आणि चिन्हं दुहेरी अशी मिसळ सर्रास चालते, चालू दे, पण एका मजकुरात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा ना! वर्डच्या प्रूफिंगच्या सेटिंगमधे, व्याकरण तपासणीत, विरामचिन्हं आत हवीत की बाहेर हे ठरवायचा पर्याय आहे. तो आपण चालू करावा लागतो आणि इतका आत दडलाय की बहुतेकांना माहीतच नसतो, माझ्या मते तो समोर असायला हवा.

कोड लिहिणाऱ्यांनी मात्र ही सोय बंदच ठेवावी, वळलेल्या चिन्हांनी प्रोग्राम चालत नाही. फूट-इंचांना पण वळलेली चिन्हं चुकीचीच, तिथे चिन्ह टाइप केल्या केल्या कंट्रोल झेड दाबा, सरळ चिन्ह परत येतं.