साठ एएचची ‘लिथियम’ बॅटरी आणि माझे ६१,५६० रुपये

पुण्यातल्या एका दुकानदाराने मला गाडीसाठी हलकी लिथियम बॅटरी म्हणून भलताच डबा विकला. आधी आकडा सांगतो, कारण तोच सगळ्यात जास्त झोंबतोय. ६१,५६० रुपये. त्यात ३४,००० बॅटरीचे, १,८०० ती बसवायच्या पट्टीचे, ४,५०० ताम्हिणीतून गाडी फ्लॅटबेडवर आणायचे, २,३६० गॅरेजमध्ये गाडीच्या स्कॅनिंगचे आणि १८,९०० शेवटी नाक मुठीत धरून घेतलेल्या साध्या एजीएम (शिशाचीच, पण बंद प्रकारची) बॅटरीचे. माझी जुनी, चांगली चालणारी बॅटरी १,५०० रुपयांना त्याच भामट्याला एक्स्चेंजमध्ये दिली, ती यात धरलेली नाही. ३५,५०० चे ३४,००० झाले म्हणून मी तेव्हा खूश होतो.

गाडी २००९ ची पॉर्श बॉक्स्टर, सेकंड हँड. नव्या एसयूव्हीच्या पैशांत जुनी पॉर्श घेतली म्हणून नातेवाइकांचं ऐकून झालंय. ‘पंधरा किलो गाडीचे कशाला कमी करतोस, पोटाचे कर’ हा विनोदही सगळ्यांचा करून झालाय. दुसरा काही असेल तर सांगा.

आणि हलक्या बॅटरीचं खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. खुद्द पॉर्शने २०१० पासून ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियमची स्टार्टर बॅटरी द्यायला सुरुवात केली. वजन सहा किलोच्या आत, साठ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंनी हलकी, जर्मनीतली किंमत १,९०४ युरो. तिची खरी क्षमता होती १८ एएच. लिथियमची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि स्टार्टरला करंट पटकन देते, म्हणून १८ मध्ये काम भागतं. थंडीत ती कमी पडते, म्हणून सोबत साधी बॅटरीही देत. पुण्यात तो प्रश्नच नाही. माझी मूळ बॅटरी वीस किलोंची, पुढच्या काचेच्या खाली बसलेली. तिथले सतरा किलो कमी झाले तर घाटात वळणावर फरक कळतो, कुणी काहीही म्हणो.

परदेशातून मागवायचं बघितलं होतं. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची तर ती धोकादायक मालात मोडते, कुरिअरवाले हात वर करतात, आणि वर कस्टम ड्यूटी. अशा वेळी ‘सेल इंपोर्टेड, असेंब्ली पुण्यातली, दोन वर्षं वॉरंटी’ अशी जाहिरात दिसली, ट्रॅकवर गाड्या पळवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ दिसले, तर माणूस जाणारच. ती पोरं पैसे घेऊन बोलतात हे आता कळलं.

दुकान पेठेतलं, गल्लीत, पण नीटनेटकं. काउंटरवर काळा चकचकीत डबा. लेबलवर ‘लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, ६० एएच, वजन ३.१ किलो’. झाकणावर हिरवा दिवा. दुकानदाराने तो एका बोटाने उचलून दाखवला, मग माझ्या हातात दिला. मी पण एका हाताने उचलला. वर-खाली केला. हसलो.

तिथेच सगळं होतं हो. हातातच होतं.

हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. अशा बॅटरीत बहुतेकदा ३२७०० मापाचे गोल सेल असतात. एक सेल ३.२ व्होल्ट, ६ एएच, वजन साधारण १४५ ग्रॅम. १२.८ व्होल्टसाठी चार सेल एकापुढे एक, आणि ६० एएचसाठी अशा दहा ओळी. चाळीस सेल. नुसत्या सेलचंच वजन ५.८ किलो, डबा, पट्ट्या, सर्किट सोडून. आणि लेबलवर ३.१! ज्या हलकेपणावर मी भाळलो तोच फसवणुकीचा पुरावा होता, आणि त्याने तो लपवला तर नाहीच, उलट ठळक अक्षरांत छापला होता.

पण मी डोळे मिटून गेलो नव्हतो. मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. किती जण दुकानात मीटर घेऊन जातात? लावला, तर १२.८. तो म्हणाला, “बघा साहेब, बारा पॉइंट आठ. फुल्ल.” मला पटलं, कारण आयुष्यभर शिशाच्या बॅटऱ्या मोजल्या आणि त्यांत १२.६-१२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. एलएफपीचं, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचं, गणित वेगळं. ती भरलेली आणि स्वस्थ ठेवलेली असेल तर १३.३ च्या आसपास दाखवते. १२.८ म्हणजे जवळजवळ तळाला गेलेली. त्यात लेबलवरही १२.८ छापलेलं, म्हणजे मीटर आणि लेबल कसं जुळलं बघा. आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून रिकाम्या बॅटरीचं कौतुक करत होतो, फरक एवढाच की त्याला माहीत होतं.

लिथियम विकत घेताना तेराच्या खाली आकडा दिसला तर तिथूनच परत फिरा.

गाडीत बसवून त्याने लगेच सुरू करून दाखवली. स्टार्टर जरा जड फिरला. “सेट व्हायला वेळ लागतो.” मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून आलो होतो, इंजिन तापलेलं. तापलेलं इंजिन काय, कशावरही सुरू होतं. चाचणी घ्यायची तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर घ्या, आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज किती खाली जातं ते बघा.

बिल मागितलं. मागितलं, हे लिहून ठेवा. तो म्हणाला, पक्कं हवं असेल तर १८ टक्के वर, म्हणजे ६,१२० रुपये जास्त. कच्च्यावर वॉरंटी तीच, “दुकान कुठे पळून जातंय?” १०,००० यूपीआयने आणि २४,००० रोख दिले. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुण्या बाईचं होतं. “मिसेसचं खातं आहे.” हातात आलं ते ‘इस्टिमेट’ लिहिलेलं वहीचं पान. ६,१२० वाचवले म्हणून मला कुणी हावरट म्हणत असेल तर त्याने गेल्या वर्षात गॅरेजला दिलेल्या पैशांची पक्की बिलं आधी दाखवावीत.

थोडे दिवस चालली. मग पावसात ताम्हिणीला गेलो, भजी-चहा झाला, आणि चावी फिरवली तर नुसतं टक-टक. इथे या गाडीची खोड कळते: पुढचं बॉनेट विजेवर उघडतं. बॅटरी मेली की बॉनेट उघडत नाही, आणि बॅटरी बॉनेटखाली. पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत एक लाल टोक बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दरवाजाच्या धातूला मायनस जोडला की बॉनेट उघडतं. मला माहीत होतं, पण जंपर केबल होत्या कुठे? त्याच बॉनेटखाली! केबल सीटच्या मागे ठेवा, कृपा करून.

गॅरेजमध्ये उघडलं तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास. डबा एका बाजूने फुगलेला. झाकणावरचा दिवा हिरवा. याच गाडीची पेट्रोलची टाकीही पुढच्याच बाजूला असते, हे इथे सांगून ठेवतो.

भोसरीचा माझा एक मित्र ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. त्याने घराबाहेर, मोकळ्यावर, डबा कापला. (तुम्ही घरी करू नका. फुगलेला सेल पेटला तर बादलीभर पाण्याने आवरत नाही.) आत सोळा सेल. चाळीस नाही, सोळा. उरलेली जागा थर्माकोलने भरलेली. सेलवर नवंकोरं निळं प्लास्टिक, ते सोलल्यावर खाली जुन्या स्पॉट वेल्डिंगच्या खुणा. सहा एएचचे सेल मोजले तर सगळ्यात बरा निम्मा निघाला, सगळ्यात वाईट १.९. मित्राच्या मते हा माल जुन्या सौर पथदिव्यांतून काढलेला. पथदिव्याला चार-पाच अँपिअर लागतात, माझ्या सहा सिलिंडरच्या स्टार्टरला शेकड्यात. आणि बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलचा चार्ज सांभाळणारं सर्किट, नावालाही नाही. अल्टरनेटर सव्वाचौदा-साडेचौदा व्होल्ट देतो, ते चार सेलमध्ये सारखे वाटले गेले तर ठीक, पण त्यांतला एक सेल कमकुवत असला की त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं आणि तो तापतो, फुगतो. तो हिरवा दिवा थेट प्लस-मायनसला जोडलेला होता. दिवा पेटतोय याचा अर्थ एवढाच की दिवा पेटतोय.

दुकानदाराकडे गेलो तर तो शांत. म्हणे ६० म्हणजे ‘लेड इक्विव्हॅलंट’. लेबलवर कुठे लिहिलंय? “सगळ्यांना माहीत असतं साहेब.” आणि डबा कापलात म्हणजे वॉरंटी संपली. वर औदार्य असं की स्क्रॅपमध्ये ५,००० देतो म्हणाला. कच्चा कागद मात्र परत मागत होता. दिला नाही.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे.

पोलीस चौकीत मे २०२४ नंतर पॉर्शचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. कल्याणीनगरला पॉर्शच्या धडकेत दोन जीव गेले, चेहरा बदलणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी गाडी उभी होती, मीच लुटला गेलो होतो. “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ सांगितलं, जुनं ४२०. त्यावर “वकील आहात का?” लेखी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. अर्ध्या तासाच्या हुज्जतीनंतर शिक्का मारला, तोही असा की तारीख वाचता येत नाही.

सायबरवाले म्हणाले, ओटीपी दिला नाही, लिंक दाबली नाही, पैसे स्वतः पाठवले, दुकान समोर आहे, मग सायबर कसं? बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेत जा. ‘मिसेस’च्या खात्याचं नाव मी दोन्हीकडे दाखवलं, दोन्हीकडे त्या कागदावर पेपरवेट ठेवला गेला.

ग्राहक हेल्पलाइनला फोनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि मग मेसेज: ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद.’ म्हणजे ज्याने फसवलं त्याने फोन उचलला नाही की प्रकरण मिटलं!

कळस एका सरकारी कार्यालयात झाला, जिथे वजनमापांच्या तक्रारी घेतात. तिथल्या साहेबांनी लेबल वाचलं, उरलेले तुकडे काट्यावर ठेवले आणि म्हणाले, “३.१ लिहिलंय, ३.१ भरतंय. वजन तर बरोबर आहे.” मी एएच दाखवलं. ते आमच्याकडे येत नाही म्हणाले. त्या काट्याकडे बघताना मला हसावं की रडावं कळेना.

वकिलाने सांगितलेलं तसंच देतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवर. १९१५ ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन करा, पण त्यावर थांबू नका. ऑनलाइन पैसे भलत्याच खात्यात गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) ताबडतोब, दुसऱ्या दिवशी नाही. रोख देऊ नका. देणारच असाल तर दुकानातच फोटो काढा: डबा, लेबल, दुकानदार, नोटा. बॅटरी फुगली तर कापण्याआधी दोन माणसांसमोर व्हिडिओ करा. मी कापल्यावर केला.

आणि चार्जर! शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर, विशेषतः सल्फेट काढायच्या मोडवाला, लिथियमला लावू नका. दुकानदार विचारल्यावर ‘कुठलाही चालतो’ म्हणाला तर त्याला बॅटरी कळत नाही किंवा तुम्ही त्याला चांगले कळलात.

वजनच कमी करायचं असेल तर दहा-बारा किलोंची लहान एजीएम मिळते, नामांकित कंपनीची, बिलासकट. मला ती तेव्हा कमीपणाची वाटली होती.

परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली. लेबल बदललंय, आता ७० एएच. वजन ३.१ किलोच. किंमत ३९,५००.

माझा ग्राहक आयोगातला अर्ज त्रुटीत अडकलाय: विरुद्ध पक्षाचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता द्या. पाटीवरचं नाव वेगळं, इस्टिमेटवर नावच नाही, यूपीआयवर ती बाई. त्याच्याकडून जीएसटी नंबरसकट पक्कं बिल घेतलेला कुणी असेल तर त्या बिलाचा फोटो हवा आहे. ६,१२० रुपये जास्त भरलेला एक तरी शहाणा पुण्यात असेलच.