ईव्ह ऑनलाइन: ०.०१ इस्कची कपात आणि चार अंकांचा नियम

मार्च २०२० पूर्वी ईव्ह ऑनलाइन या अंतराळावरील ऑनलाइन खेळाच्या बाजारात प्रतिस्पर्ध्यापेक्षा केवळ ०.०१ इस्क (खेळातील चलन) कमी भाव लावला तरी आपला माल आधी खपत असे. त्यामुळे जिता या मुख्य पेठेत चुरस भावाची नव्हे, तर तासन्‌तास दर बदलत बसण्याची होती. नव्या नियमानुसार भावात चारच सार्थ अंक (डावीकडून पहिले चार, पुढे फक्त शून्ये) चालतात, म्हणजे १२,३४,००० इस्कच्या खाली जायचे तर थेट १२,३३,००० लावावे लागतात, शिवाय दर बदलण्याचे शुल्कही मालाच्या किमतीनुसार पडते. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला हीच पद्धत न्याय्य आहे, असे मला ठामपणे वाटते, कारण समान भावात आधी आलेल्याचा माल आधी विकला जातो. ट्रिटॅनियमसारख्या स्वस्त खनिजांत मात्र भाव दशांशांसह चार अंकांत मावत असल्याने ०.०१ची कपात आजही शक्य आहे.