एआरटी केंद्रातलं समुपदेशन: बेळगाव सीमाभागातल्या सेवेबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सरकारी एआरटी सेवेत (एचआयव्हीवरच्या औषधोपचारात) गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही मोफत आहेत. औषध सोपं झालंय: टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम एकाच गोळीत, रोज एक. सेवेचा खरा कस लागतो समुपदेशकाच्या टेबलापाशी.

चांगला समुपदेशक आधी डबी उघडायला लावतो. तीस गोळ्यांची डबी घेऊन 28 दिवसांनी आलात तर दोन उरायला हव्यात. पाच उरल्या तर तीन चुकल्या, म्हणजे 89 टक्के. हवेत 95च्या वर. महिन्यात दोन चुकल्या तरी आकडा खाली येतो. मग खरा प्रश्न: कधी चुकल्या? ऊसतोडीला गेल्यावर, सौंदत्तीच्या जत्रेत, की सासरी कुणी डबी बघेल म्हणून? उपाय उत्तरावर बेतलेला हवा. लांब जाणाऱ्याने आधीच जास्तीच्या गोळ्या मागाव्यात, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक जवळ ठेवावं; महिनोन्‌महिने बाहेर राहायचं असेल तर तिथल्या केंद्रात बदली करून घ्यावी. गोळी चुकलीच तर आठवताक्षणी घ्यावी, पण दोन एकदम नकोत.

इतर औषधांची चौकशी मात्र बऱ्याचदा राहून जाते. गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्ताची पातळ औषधं डोल्युटेग्रॅव्हिर शोषू देत नाहीत. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. लोह-कॅल्शियम आणि एआरटीची गोळी जेवणासोबत मात्र एकत्र चालतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर 50ची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते.

व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) 1000 किंवा त्याहून जास्त आला की दरमहा जादा समुपदेशन आणि तीन महिन्यांनी फेरचाचणी. इथेच सेवा सर्वांत कमी पडते. दटावणी आणि सही, झालं सत्र! दटावलेला माणूस पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या वाटेतच टाकून येतो. गोळ्यांची मोजणी शंभर टक्के, व्हायरस तसाच, आणि दोष औषधाला लागून गरज नसताना गोळ्या बदलायची वेळ येते.

काही ठिकाणी दार उघडंच असतं, रांगेतल्यांना सगळं ऐकू जातं. दार लावा म्हणायला संकोचू नका. गुप्ततेचा हक्क 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलाय. कन्नडमधला संमतीचा कागद मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. निघण्याआधी व्हायरल लोडचा आकडा आणि पुढच्या चाचणीची तारीख पुस्तकात लिहून घ्या. मधल्या काळात शंका आली तर 1097 ही एड्स हेल्पलाइन मोफत आहे.