गरम पाण्याची धार बारीक झाली तर: सफाई, पंप की नवा गीझर?

ठाणे आणि नवी मुंबईत पाइपच्या गॅसवर चालणारे इन्स्टंट गीझर आता पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांतून येणारी धार बारीक झाली की कोणी सफाई सुचवतो, कोणी प्रेशर पंप, तर कोणी थेट पाणी साठवून विजेवर तापवणारा स्टोरेज गीझर. तिन्हींचा खर्च वेगळा आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या दोषांवरचे उपाय आहेत; म्हणून पैसे काढण्याआधी मोजमाप करावे, असे माझे ठाम मत आहे.

10 लिटरची बादली घ्यावी आणि एकाच मिक्सरमधून ती आधी थंड, मग गरम पाण्याने भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. दोन्ही धारा मंद असतील तर दोष टाकीकडून येणाऱ्या दाबात, पाइपमध्ये किंवा त्या मिक्सरमध्येच असतो, आणि फक्त गरम धार मंद असेल तर गीझर व त्याची लाइन तपासावी. मात्र 6 लिटरचा गीझर मिनिटाला साधारण 6 लिटरच पाणी देतो, त्यामुळे बादलीला पावणेदोन मिनिटे लागणे हा दोष नव्हे. शिवाय अनेक गीझरमध्ये जास्त उष्णतेसाठी पाण्याचा नॉब फिरवला की प्रवाहच कमी होतो, हे थंडीत हमखास विसरले जाते.

धार काही महिन्यांत हळूहळू बारीक झाली असेल, तर आधी सफाई. नेरुळच्या आमच्या घरी गीझरच्या इनलेटची जाळी काढली तेव्हा तिच्यात तांबूस गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपचा एक तुकडा अडकलेला होता; ती धुऊन बसवताच बादली पूर्वीच्या वेळेत भरू लागली. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत मात्र हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, अरुंद तांब्याच्या नळीत क्षार बसतात, आणि ते तंत्रज्ञाकडून सायट्रिक अ‍ॅसिडने काढून घ्यावे लागतात. परदेशात घर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरमध्येही याच क्षारांमुळे गरम पाण्याची धार मंदावते.

पंप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो वरच्या मजल्यावर. टाकीतील पाणी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो, आणि टाकीखालच्या घरात ही उंची जेमतेम 3 मीटर असते. एवढ्या दाबावर काही गीझर पेटतही नाहीत. पण गंजलेल्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर किंवा तुंबलेल्या नळीवर पंप लावणे म्हणजे मूळ अडथळा तसाच ठेवून सांध्यांवर ताण वाढवणे होय. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

स्टोरेज गीझरमध्ये क्षार मुख्यतः कॉइलवर आणि तळाशी साचतात, त्यामुळे पाणी उशिरा तापते, पण धार तितकी मंदावत नाही. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांपर्यंत नेण्यास 2 किलोवॅटच्या कॉइलला सुमारे 18 मिनिटे लागतात, म्हणून सकाळी चौघांना लागोपाठ अंघोळ करायची असेल तर शेवटच्याला थांबावे लागते. अशा घराला स्वच्छ केलेला गॅस गीझरच सोयीचा. मात्र तो बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावर बेतू शकतो. तिथे धारेचा हिशेब बाजूला ठेवून मी त्याच आठवड्यात स्टोरेज गीझर बसवून घेईन.