नऊ महिने, सात समारंभ आणि एक कुकी सजावटीचा संच

भाच्याचा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि मी जोशात सांगून बसले होते, की कुकीज माझ्याकडे लागल्या. शुगर कुकीज, वर साखरेचं गुळगुळीत आयसिंग, त्यावर त्याचं नाव. तोवर मी साध्या कुकीज जन्मात दोनदा केल्या होत्या आणि त्यातल्या एकदा जाळल्या होत्या. रात्री साडेअकराला मोबाइलवर जो पहिला बरा दिसला तो ‘संपूर्ण कुकी सजावट संच’ मागवून टाकला. २४ कटर, १२ जेल कलर, ११ नोझल (बॅगेला लावायची टोकं), ५० पायपिंग बॅगा (आयसिंग भरून दाबायच्या शंकूसारख्या पिशव्या), मेरिंग पावडरचा डबा, एक छोटं फिरतं टेबल, मूठ असलेली एक सुई आणि सोनेरी चमकीची इवलीशी बाटली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे संच थोड्याफार फरकाने सारखेच दिसतात आणि माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

नऊ महिन्यांत हा खोका सात वेळा उघडला. भाच्याचा वाढदिवस, लेकीचा पहिला पडलेला दात, तिचा शाळेचा पहिला दिवस, सासूबाईंची पंचाहत्तरी, धाकट्याच्या सायकलची आधाराची चाकं काढली तो रविवार, नणंदेचं बाळ घरी आलं तेव्हा, आणि गेल्या आठवड्यात आई-बाबांच्या लग्नाची चाळिशी. दर खेपेला २० ते ३० नग. दीडशेच्या वर कुकीज हातावेगळ्या झाल्यावर आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

सुरुवात मेरिंग पावडरपासून, कारण या खोक्यातली खरी कामाची वस्तू ती. रॉयल आयसिंग म्हणजे मुळात अंड्यातला पांढरा भाग आणि आयसिंग शुगर. हे आयसिंग कुठेही शिजत नाही. खाणाऱ्यांत एक वर्षाचं पोर आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई असतील तर कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंची जोखीम मला घ्यायची नव्हती. पावडर पाश्चराइज करून वाळवलेल्या पांढऱ्या भागाची असते, तो प्रश्न मिटतो. माझं प्रमाण आता ठरून गेलंय: ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर, ८० ते ९० मिली कोमट पाणी. ज्यांना अंड्याची अॅलर्जी आहे त्यांना मात्र ही पावडरही चालत नाही, हे डब्यावर इतक्या बारीक अक्षरात होतं की मी चाळशी लावून वाचलं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीसाठी बिनअंड्याच्या कुकीज आणि काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटून वेगळं आयसिंग केलं. सेट व्हायला जास्त वेळ लागला, पण झालं.

पहिलाच घाणा वाया गेला, त्यात दोष पावडरचा नव्हता. ज्या प्लास्टिकच्या भांड्यात आदल्या दिवशी बटर फेटलं होतं, तेच धुऊन घेतलं. धुतलं तरी प्लास्टिक तूपकट राहतं, आणि स्निग्धांश असला की अंड्याचा पांढरा भाग फेस धरत नाही. दहा मिनिटं बीटर फिरवून भांड्यात जे होतं ते दहा मिनिटांपूर्वीसारखंच. आता स्टीलचं भांडं, आतून लिंबाची फोड फिरवून, कोरडं पुसून. आणि बीटर हळू. जोरात फेटलं की बारीक बुडबुडे शिरतात आणि ते नेमके कुकीवर, नावाच्या मधोमध फुटतात. फेटून झाल्यावर पंधरा मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं, बुडबुडे आपसूक वर येतात. फडकं विसरलात तर मात्र वर पापुद्रा धरतो आणि त्याचे तुकडे नोझलमध्ये अडकतात. विचारा मला.

आता कन्सिस्टन्सी. आयसिंग किती पातळ, किती घट्ट, यावर सगळा खेळ आहे, आणि संचासोबतच्या पुस्तिकेत यावर एकच ओळ होती: ‘योग्य प्रमाणात पाणी घालावे.’ योग्य म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याने स्वतःपाशीच ठेवलं. भाच्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, घड्याळात एक वाजलेला, मी एकच्या आकड्यावर आयसिंग सोडलं आणि ते कडेवरून शांतपणे ओघळून ट्रेवर उतरलं. एकामागून एक, अकरा आकडे, सगळे वितळलेल्या मेणबत्त्यांसारखे. नवरा पाणी प्यायला उठला, बघून म्हणाला, “हे मुद्दाम आहे का?” मी हो म्हणाले.

नंतर जे कळलं ते इतकं सोपं आहे की राग येतो. भांड्यातल्या आयसिंगवर सुरीने रेघ ओढायची आणि मनात आकडे मोजायचे. रेघ १० सेकंदांच्या आत मिटली तर ते ओघळणार. अर्धा मिनिट झाला तरी मिटली नाही तर कुकीवर पसरणार नाही, सुरकुत्या राहतील. १५ ते १८ सेकंदांत मिटली की त्याच आयसिंगने कडाही काढता येते आणि आतला भागही भरता येतो. फुलं, पानं, उठावाची अक्षरं यांच्यासाठी याहून घट्ट, टोक उभं राहील असं हवं. पाणी चमच्याने घालायचं नाही, थेंबांनी घालायचं. शेवटचा अर्धा चमचा नेहमी नडतो.

छोट्या जागांचं दुखणं वेगळंच. सायकलच्या कुकीवरची चाकं भरली, संध्याकाळी छान फुगीर दिसत होती, सकाळी प्रत्येकाच्या मधोमध खड्डा. पातळ आयसिंग लहान जागेत हळू वाळतं, वर साय धरते आणि आत आधार नसल्याने ती खचते. आता तिथे आधी घट्ट आयसिंगची नागमोडी रेघ ओढते, वर नेहमीचं आयसिंग सोडते आणि लगेच ट्रे पंख्यासमोर ठेवते. टेबल फॅन! या सगळ्या उद्योगातलं सर्वांत उपयोगी यंत्र आणि ते संचात नाही. आयसिंग पाणी उडून वाळतं, त्यामुळे वारा जितका लवकर लागेल तितकी खड्ड्यांची भीती कमी आणि चकाकीही जास्त. दमट हवेत तर पंख्यावाचून पान हलत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह आवरा. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि रंगांना पाझर फुटतो.

संचातली ती सुई, जिला मी आधी निरुपयोगी समजले होते, ती आता पेनांच्या मगमध्ये राहते. बुडबुडे फोडणं, आयसिंग कोपऱ्यात ओढणं, ओल्या पांढऱ्यावर लाल ठिपके टाकून त्यांतून रेघ ओढून बदाम काढणं, सगळं तिच्याने. हे बदाम पाहून नणंद म्हणाली, “वहिनी, हे तुम्ही हाताने केलंत?” ठिपका टाकायचा आणि सुई वरून खाली ओढायची, तीन सेकंद लागतात. मी तिला हे सांगितलं नाही.

रंगांबद्दल थोडं. १२ पैकी ९ उत्तम. जेल असल्याने एका टोकाएवढा रंग पुरतो, आयसिंग पातळ होत नाही. लाल आणि काळा मात्र पहिल्यांदा गुलाबी आणि राखाडीच होतात, आणि आपण घालत राहतो, घालत राहतो, शेवटी आयसिंग कडू. हे रंग ठेवल्यावर गडद होतात. एक छटा फिकं कालवून रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी हवा तसा लाल मिळतो. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी लाल बस केल्या होत्या, पांढऱ्या खिडक्या. लाल पुरता वाळायच्या आतच मी खिडक्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बसच्या खिडक्यांतून गुलाबी संध्याकाळ. लेकीला त्याच आवडल्या, पण गडद रंगाशेजारी पांढरा भरायचा असेल तर आधीचा सहा-आठ तास वाळू द्या.

कटर पातळ पत्र्याचे आहेत. चोवीसपैकी मी पाच वापरते. तीनचा आकडा पहिल्याच धुण्यात वाकून आठ व्हायच्या बेतात आला. नोझल अकरा, वापरात शून्य. दोनांवर जोडाच्या जागी गंज आला, मग मी बॅगेचं टोक कात्रीने केसभर कापू लागले आणि तेच बरं पडतं. बॅगा संपल्या, पुन्हा आणल्या. फिरतं टेबल डगमगतं. त्यावर सध्या मसाल्याच्या बाटल्या आहेत.

सोनेरी चमकीवर मात्र मला राग आहे. बाटलीवर ठळक ‘नॉन-टॉक्सिक’, मागे घटकांची यादी नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे बिनविषारी, खाण्याजोगं असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली याच गोष्टीबद्दल लोकांना सावध केलं होतं: ज्यावर ‘एडिबल’ (खाण्याजोगं) लिहिलेलं नाही आणि घटक छापलेले नाहीत, अशी चमकी अन्नावर घालू नका. त्याच वर्षी तिथल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवरच्या अशा चमकीने मुलं आजारी पडली, तिच्यात तांबं भरपूर निघालं. पहिल्या वाढदिवसाच्या संचात ही बाटली ठेवणाऱ्याला काय म्हणावं? मी कचऱ्यात टाकली. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला सोनेरी हवंच होतं, तेव्हा घटक छापलेली वेगळी आणली.

खुद्द कुकीबद्दल संच काहीच सांगत नाही, म्हणून मी सांगते. २२५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, एक अंडं, ३७५ ग्रॅम मैदा, व्हॅनिला, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. ती घातली की कुकी फुगते आणि दाताच्या आकाराचा बटाटा होतो. बटर पेपरच्या दोन तावांमध्ये ६ मिलिमीटर जाड लाटायचं, थंड करायचं, कापायचं, १७५ अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटं. कच्चट राहिल्या तर बटर वर झिरपतं आणि आयसिंगवर तेलकट डाग उमटतात. चाळिशीच्या कुकीजवर असे चार डाग आले होते, त्यांच्यावर मी पानं काढली.

दातावरून आठवलं. लेकीचा पहिला दात पडला तेव्हा मी दाताच्या आकाराच्या कुकीज केल्या, पांढऱ्याशुभ्र, इवले डोळे, हसरं तोंड. चेहरे खाण्याच्या शाईच्या पेनने काढले, तेही आयसिंग रात्रभर वाळल्यावर, नाहीतर टोक आत रुततं. ती शाळेतून आली, ताटली बघून नाचली, एक उचलली आणि पुढच्या फटीत धरून चावायला गेली. कट् असा आवाज झाला आणि कुकी जशीच्या तशी. “आई, हा दात माझ्या दातापेक्षा पक्काय,” असं म्हणून तिने तो दाढेखाली घेतला. तेव्हापासून ५०० ग्रॅम साखरेला एक लहान चमचा कॉर्न सिरप घालते. आयसिंग तसंच सेट होतं, पण दाताखाली मऊ तुटतं. दुसऱ्या दिवशी हलणारा शेजारचा दातही त्याच कुकीवर पडला, तर दुसरा घाणा करावा लागला.

वेळेचा अंदाज द्यायचा तर २४ कुकीजना माझे तीन दिवस जातात. पहिल्या संध्याकाळी भाजणं, दुसऱ्या संध्याकाळी आयसिंग भरणं, तिसऱ्या दिवशी बारीक काम, आणि पूर्ण वाळल्यावरच पाकिटात. नोकरी सांभाळून दोन तासांत होईल असं खोक्यावर लिहिलं आहे. खोका कोणी लिहिला त्याला मी जेवायला बोलवेन, कुकीज त्याच्याकडून करून घेईन.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी संच घेणार नाही. मेरिंग पावडर, सुई, सहा जेल कलर, बॅगा आणि लागतील तेवढेच दोन-तीन जाड कटर सुटे घेईन. दुसरा पावडरचा डबा कालच आला. उरलेले एकोणीस कटर मुलांच्या मातीच्या डब्यात आहेत. धाकट्याने काल त्यातून वाकलेला तीन शोधून काढला आणि आपल्या वाढदिवसाला हाच आकार हवा म्हणतो, असाच वाकडा.