सीलंटच्या काळ्या पट्ट्यामागे काय लपवतात

डबल ग्लेझिंगचं युनिट, म्हणजे मध्ये फट ठेवून कडेने सील केलेल्या दोन काचा, विकणारा खिशातून लायटर काढून दाखवू लागला की लगेच भारावून जाऊ नका. काचेसमोर ज्योत धरली की चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल, तर आत लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप, आहे. चाचणी खरी आहे. आम्हालाही दाखवली आणि कोटिंग खरंच होतं. आम्हाला गंडवलं ते कडेला, जिथलं लायटरला काहीच कळत नाही.

आमचं काम खिडक्या बसवण्याचं. तयार युनिट बाहेरून घेतो. आमची ऑर्डर सॉफ्ट कोट काचेची होती. या कोटिंगमध्ये चांदीचा अतिशय पातळ थर असतो, जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतका. ओलावा लागला की तो गंजतो. म्हणून दोन काचा सील करण्याआधी कडेकडेने साधारण १० मिमीची पट्टी घासून कोटिंग काढतात. कारखान्यात याला एज डिलीशन म्हणतात. नेमकी रुंदी स्पेसर (दोन काचांमधलं अंतर राखणारी पट्टी) आणि सीलंटच्या मापावर ठरते, पण ब्युटाइलचं आतलं सीलंट आणि त्याबाहेरचं सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइड थेट काचेला चिकटलं पाहिजे. कोटिंगवर चिकटवलं, तर आज ना उद्या ते कोटिंगसकट सुटतं आणि गंज कडेवरून आत सरकत जातो. हार्ड कोट, म्हणजे टणक कोटिंगच्या, काचेला बहुतेक वेळा हे घासकाम लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे प्रकरण तापल्यावर "ती हार्ड कोटच होती" असंही ऐकवण्यात आलं. मालाच्या चलनावर सॉफ्ट कोट छापलेलं होतं!

घासकामात वेळ जातो, घासायचं व्हील झिजतं आणि एकदा सीलंट भरलं की केलं काय नि न केलं काय, वरून सगळं सारखंच काळं. चोरी करायला याहून सोयीची जागा नाही.

नमुन्याचा कोपरा सुरेख होता. मालासोबत तपासणीचे तक्तेही आले, व्हर्निअर लावलेल्या फोटोंसकट. पुढे काही खिडक्यांच्या कडेने तांबूस ठिपके उठले, मग आत धुकं धरू लागलं. खोलीच्या बाजूचं किंवा बाहेरच्या बाजूचं दव पुसलं की जातं आणि तो दोष नसतो. दोन काचांच्या मधलं धुकं पुसता येत नाही. सील गेलं, आतला ओलावा शोषणारे दाणे भरून गेले आणि युनिट बाद, एवढाच त्याचा अर्थ. पुरवठादार म्हणाला, तुमच्या फ्रेममध्ये पाणी साचतं. हे कारण असू शकतं, म्हणून फ्रेमची पाणी निघायची भोकं त्याच्याच माणसासमोर तपासली. सगळी मोकळी होती.

मग एक युनिट उतरवून कापलं. सीलंट खरं तर पात्याने खरवडावं लागतं, तुकड्यातुकड्याने निघतं. इथे एक टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी सोलून हातात आली आणि तिच्या पाठीला कोटिंगची निळसर चमक. उभ्या दोन कडा घासलेल्या होत्या, आडव्या दोन्ही तशाच. कोटिंगमधून वीज वाहते, उघड्या काचेवरून नाही. मल्टीमीटरचे प्रोब आडव्या कडेवर जरा दाबून टेकवले तर मीटरने आकडा दाखवला. उभ्या कडेवर काहीच नाही.

त्यानंतर ते तक्ते पुन्हा काढले. प्रत्येक ओळीत नेमके १० मिमी. हाताने चालणाऱ्या व्हीलचं माप इतकं एकसारखं येत नाही, कुठे साडेनऊ, कुठे अकरा येणारच. आणि वेगवेगळ्या तारखांच्या फोटोंमध्ये काचेच्या कोपऱ्यावर एकच नखाएवढा टवका. एकाच तुकड्याचे फोटो फिरवून फिरवून लावले होते.

बसवलेल्या युनिटवर संशय असेल, तर कोटिंग असलेल्या काचेच्या बाहेरून तिरपं बघा. नीट घासलेल्या कडेमागचं सीलंट सपाट काळं दिसतं. कोटिंग राहिलं असेल तर त्या काळ्यावर रंगाची झाक येते. प्रकाशावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे एवढ्यावर भांडायला जाऊ नका. भांडायला कापलेलं युनिट, मीटर आणि त्यांचा माणूस समोर हवा.

त्यांनी कापलेलं युनिट तेवढं बदलून दिलं. बाकीच्यांसाठी वॉरंटीतलं "हाताळणीतले दोष वगळून" हे कलम पुढे केलं. आम्ही उरलेलं बिल अडवून ठेवलंय, पत्रापत्री चालू आहे.

आता आमच्या ऑर्डरमध्ये एक अट असते: सील करण्याआधी आमचा माणूस कारखान्यात येऊन कुठलीही काच स्वतः निवडेल, चारही कडांना आणि कोपऱ्यांना मीटर लावेल. ही ओळ वाचून काही जणांनी कोटेशनच पाठवलं नाही.